नॉबवरची खूण

कानाच्या तक्रारींसाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. कान किटतात, कानठळ्या बसतात, कानात दडे बसतात. यातला दडा हा शब्द सगळ्यांत नेमका. दोन-तीन तास मोठ्या आवाजात गाणी ऐकून संच बंद केला की खोली नुसती शांत होत नाही, कुणीतरी ती कापसात गुंडाळून ठेवल्यासारखी होते. टेबलावर किल्ल्या टाकल्या तर खणखणाट बोथट येतो. शेजारी कुणी बोललं तर शब्द कळतात, पण त्यांतले स, श, फ विरलेले असतात. या सगळ्याच्या मागे एक बारीक, रेघेसारखी सरळ शिट्टी चालू असते. सकाळी उठेपर्यंत दडा सुटतो, किल्ल्या पुन्हा खणखणतात आणि आपण विषय सोडून देतो.

विषय इथे सोडायचा नसतो.

दडा बसणं म्हणजे ऐकू येण्याचा उंबरठा तात्पुरता वर सरकणं. एरवी जो आवाज १० डेसिबलला जाणवला असता, तो आता २५ किंवा ३० ला जाणवतो. बहुतेक वेळा हा उंबरठा रात्रभरात, फार तर एक-दोन दिवसांत, पूर्वीच्या जागी येतो. तो वर का सरकतो हे पाहायला कॉक्लियात शिरावं लागतं. आतल्या कानातली ही शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी उलगडली तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. तिच्या लांबीवर केशपेशींच्या ओळी असतात : आतली एक ओळ, साधारण साडेतीन हजार पेशींची, आणि बाहेरच्या तीन, मिळून बारा हजारांच्या आसपास. एका कानाचं भांडवल एवढंच. डोळ्याच्या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या आसपास असतात, त्या मानाने कानाचा संसार अगदीच तुटपुंजा.

बाहेरच्या तीन ओळींचं काम मजेशीर आहे. त्या ऐकत नाहीत, वाढवतात. आवाजाच्या तालावर त्या स्वतः आखडतात आणि लांबतात, त्यामुळे हळू आवाजाची लाट मोठी होऊन आतल्या ओळीपर्यंत पोचते. कानात बसवलेले बारा हजार अँपच (आवाज वाढवणारी यंत्रं) म्हणा. प्रत्येक पेशीच्या माथ्यावर ताठ केसांचा झुबका असतो आणि शेजारशेजारचे केस टोकाशी अतिसूक्ष्म धाग्यांनी बांधलेले असतात. आवाज मोठा झाला की आधी हे धागे तुटतात, केस ढिले पडतात, पेशी दमते. धागे पुन्हा जुळू शकतात, दमलेली पेशी सावरू शकते. दडा सुटतो तो त्यामुळे. पण केसांचा झुबका मुळापासून वाकला किंवा पेशीच मेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. पक्ष्यांमध्ये येते, सस्तन प्राण्यांमध्ये नाही.

२००९ मध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी या 'सुटलेल्या दड्या'चीच तपासणी केली. उंदरांना १०० डेसिबलचा आवाज २ तास ऐकवला. उंबरठा वर गेला आणि काही दिवसांत खाली आला. केशपेशी जागच्या जागी होत्या, म्हणजे जुन्या समजुतीप्रमाणे कान पूर्ण बरा. पण पेशी आणि श्रवणतंतू यांना जोडणारे सांधे मोजले, तेव्हा उंच स्वरांच्या भागात जवळपास निम्मे नाहीसे झालेले होते, आणि ते परत आले नाहीत. माणसाच्या कानात हे किती प्रमाणात होतं यावर संशोधकांमध्ये वाद आहे. तरी शांत खोलीतल्या तपासणीत 'नॉर्मल' ठरलेल्या माणसाला चार माणसं एकदम बोलू लागली की काही कळेनासं का होतं, याचं एक पटण्याजोगं उत्तर त्या प्रयोगात आहे. बारीक आवाज ऐकायला थोडे तंतू पुरतात. गोंगाटातून एक आवाज वेगळा काढायला पुष्कळ लागतात.

नुकसान पहिल्यांदा कुठे दिसतं तेही जवळजवळ ठरलेलं आहे : ४००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४००० कंपनांच्या, आसपास, ३००० ते ६००० च्या पट्ट्यात. कानाची बाहेरची नळी अडीच सेंटिमीटरची आणि एका टोकाला पडद्याने बंद. अशी नळी ३००० हर्ट्झजवळच्या स्वरांना आपोआप १० ते १५ डेसिबल उचलून देते, आणि इजा त्या स्वराच्या थोडी वर होते. श्रवण-आलेखात (कोणता स्वर किती हळू ऐकू येतो ते दाखवणाऱ्या रेघेत) तिथे खाच पडते, ८००० ला रेघ पुन्हा वर येते. वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात रेघ उंच स्वरांकडे नुसती घसरत जाते, अशी खाच पडत नाही. गाण्यात या पट्ट्यात काय असतं? झांजेची धार, तारेवर नखी पडतानाचा टणत्कार, गायकाच्या शब्दांतली व्यंजनं. हेच कमी ऐकू येऊ लागलं की माणूस कानाला दोष देत नाही. रेकॉर्डिंग मंद आहे, स्पीकर जुने झाले, असं म्हणतो आणि ट्रेबल, म्हणजे उंच स्वर, वाढवतो.

आता हिशेब. डेसिबलची पट्टी सरळ नाही, आणि ती जिथे फसवते ती जागा नीट पाहून घ्यावी. ३ डेसिबल वाढले की आवाजातली ऊर्जा दुप्पट होते. कानाला मात्र ३ डेसिबल म्हणजे 'जरासा मोठा', एवढंच. दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल वाढवावे लागतात, आणि तेवढ्यात ऊर्जा दहापट होते. कानातल्या पेशी ऊर्जेचा हिशेब ठेवतात, मन मोठेपणाचा. मनाला दुप्पट वाटलं तेव्हा पेशींवर दहापट पडलेलं असतं.

अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने १९९८ मध्ये दिलेली मर्यादा ८ तासांना ८५ डेसिबल अशी आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. हा तक्ता सगळीकडे छापलेला दिसतो, पण तो कारखान्यासाठी आहे, आणि कामाच्या सबंध आयुष्यात शंभरातल्या आठेक जणांचे कान जातील हे गृहीत धरून बनवलेला आहे, एवढं कुणी छापत नाही. स्वखुशीने ऐकायच्या गाण्यासाठी तो सैल आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१८ मध्ये कानाला लावायच्या उपकरणांसाठी जो मापदंड ठरवला, तो घरच्या संचालाही जास्त योग्य वाटतो : मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, मुलांसाठी तेवढेच तास ७५. तोच नियम पुढे चालवला तर ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच तास. म्हणजे रविवारी ९२ वर अडीच तास मैफल रंगवली की आठवड्याचा शिधा संपला. बाकीचे सहा दिवस बाहेरचा गोंगाट आहेच, तो उधारीवर.

डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही, असं नेहमी म्हटलं जातं. ते पूर्ण खरं नाही. कानातल्या रिकीब या हाडाला ओढून धरणारा सहा मिलिमीटरचा एक स्नायू आहे, हाडांना जोडलेल्या स्नायूंत सगळ्यांत छोटा. आवाज ८० ते ९० च्या वर गेला की तो आखडतो आणि आत जाणारा आवाज थोडा दाबतो. पण त्याला जागं व्हायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, तोवर ढोलाचा फटका आत जाऊन बसलेला असतो. तो थकतो. आणि तो दाबतो मुख्यतः खालचे स्वर. ४००० च्या पट्ट्याला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

स्नायू असा अर्धवट कामाचा, तर निदान 'फार मोठं झालं' हे कानाला कळतं का? तेही नाही. आवाजाच्या नॉबवरचा हात पाहावा. संध्याकाळी पहिलं गाणं लावलं तेव्हा नॉब ९ च्या काट्यावर होता. वीस मिनिटांत कान सरावला, ९ थोडं निर्जीव वाटू लागलं, हात साडेनऊवर गेला. मग आवडतं गाणं आलं, दहा. ते संपल्यावर हात मागे येत नाही, कारण मागे आणलं की एकदम पोकळ वाटतं. तासाभरात ६ ते ८ डेसिबल वाढलेले असतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, आवाज आहे तेवढाच आहे.

या हाताला दटावून फारसा उपयोग होत नाही. तो काय शोधत जातो ते पाहावं. आवाज वाढवला जातो तेव्हा बहुतेक वेळा कमी पडलेली गोष्ट आवाज नसतेच.

सगळ्यांत जास्त वेळा कमी असतो तो बेस, म्हणजे खालचे स्वर. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेत काढलेल्या वक्ररेषा आणि त्यांची पुढे सुधारलेली आयएसओ २२६ या आंतरराष्ट्रीय मानकातली आवृत्ती यांत हे स्वच्छ दिसतं. १००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलला जेवढा मोठा वाटतो, तेवढाच ५० हर्ट्झचा वाटायला जवळपास ७८ डेसिबल लागतात. पण १००० चा स्वर ८० ला असेल तर ५० हर्ट्झला १०२ च्या आसपास पुरतात. म्हणजे आवाज जितका हळू, तितका बेस कानाआड. स्टुडिओत ८० च्या घरात मिसळलेलं गाणं ६० वर ऐकलं की पखवाजाचा घुमारा नाहीसा होतो, वरचा पातळ भाग उरतो, आणि हात तो घुमारा शोधत नॉब फिरवतो. यावर जुन्या अँपवर 'लाउडनेस' नावाचं बटण असे. नावामुळे गैरसमज होतो, ते हळू ऐकण्यासाठीच होतं. आजच्या रिसीव्हरमध्ये (अँप आणि सगळी बटणं एकत्र असलेल्या डब्यात) तेच काम नॉबच्या जागेप्रमाणे आपोआप करणाऱ्या सोयी असतात. काहीच नसेल तर सबवूफर (फक्त बेसचा स्पीकर) ३ ते ५ डेसिबल वर घ्यावा किंवा ८० हर्ट्झच्या खाली तेवढाच उठाव द्यावा. एकच पथ्य : पुढे आवाज वाढवाल तेव्हा हा उठाव काढायचा. ६ डेसिबल बेस म्हणजे अँपकडून चौपट वॅट. विसरलात तर आधी घुमेल, मग फाटेल.

दुसरी कमतरता शांततेची. खोलीतल्या पंख्याचा आवाज ५० असेल तर गाण्यातले बारकावे त्याच्या वर काढायला सगळं गाणंच वर उचलावं लागतं. खिडकी बंद करून, पंखा एका पायरीने खाली आणून, दाराच्या फटीला रबरी पट्टी लावून खोली ५० वरून ४० वर आली, तर नॉब १० डेसिबल खाली आणूनही तेवढंच ऐकू येतं. मघाच्या हिशेबाने वेळ दहापट वाढला. या पैशात यापेक्षा चांगला अपग्रेड नाही.

तिसरं, अंतर. मोकळ्यावर अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल वाढतात. खोलीत भिंतींचा पडसाद असल्याने वाढ कमी, तीन-चार, पण थेट येणारा आवाज पडसादाच्या वर उठतो आणि स्पष्टता वाढते. खुर्ची तीन मीटरवरून पावणेदोनवर आणा, ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला करा, स्पीकर किंचित आत वळवा. गाणं जवळ आलं की ते मोठं करावंसं वाटत नाही. सिनेमात संवाद कळत नाहीत म्हणून आवाज वाढवायचा आणि पुढच्या स्फोटाला रिमोट शोधत धावायचं, हा प्रकारही यातलाच. तिथे मधला स्पीकर २ ते ३ डेसिबल वर घेणं आणि रात्रीचा मोड चालू करणं हे औषध. त्या मोडमध्ये मोठं आणि हळू यांतलं अंतर आखडतं. शौकीन मंडळी नाक मुरडतात, मुरडू देत.

चौथी गोष्ट कमतरता नाही, उलट आहे. संच फार चांगला असणं. छोटा स्पीकर ८० वर ओरडू लागतो, त्याचं तोंड फाटतं, आणि ती फाटलेली कडा ऐकूनच आपण 'मोठं झालं' असं ठरवतो. मोठा, स्वच्छ, ताकदीचा संच ९५ वरही शांत असतो. कडा नाही, म्हणून इशारा नाही. याची दुसरी बाजू वॅटमध्ये दिसते. ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर म्हणजे १ वॅटला १ मीटरवर ८७. साध्या खोलीत तीन मीटरवर बसलं तर यातले साधारण ६ जातात, दोन स्पीकरमुळे ३ परत येतात. म्हणजे खुर्चीत ८४, तेही एकेका वॅटवर. शंभर वॅटचा अँप घेतलेला माणूस बहुतेक वेळ एका वॅटवर जगत असतो, बाकीचे नव्व्याण्णव क्षणभराच्या उसळ्यांसाठी. ८४ वरून ९४ ला जायचं तर १० वॅट, आणि त्यावर उसळ्यांना १०० लागतील. तिथे अँप कमी पडला की लाटेचे माथे सपाट कापले जातात, सरासरी चढते, उंच स्वरांचा कचरा तयार होतो आणि ट्वीटर जळतो. ट्वीटर जळाला की माणूस दुकानात जातो. कानाच्या बाबतीत ती सोय नाही.

आणखी एक गंमत जाता जाता. दोन अँप शेजारी ठेवून तुलना करताना जो अर्धा-एक डेसिबल मोठा असेल तोच 'जास्त खुला, जास्त जिवंत' ठरतो. फरक आवाजाचा असतो, श्रेय अँपला मिळतं. स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्टमीटर लावून दोन्ही ०.१ डेसिबलच्या, म्हणजे साधारण १.२ टक्के व्होल्टच्या आत आणल्याशिवाय तुलनेला बसू नये.

तेव्हा कानाला विचारू नये, मोजावं. एकदा नीट मोजून नॉबवर खूण केली की रोज मीटर काढायची गरज राहत नाही. साधा, अचूकतेच्या क्लास २ चा साउंड लेव्हल मीटर सर्वांत बरा. फोनमधलं ॲप चालतं, पण फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो : मोठ्या आवाजाला तो आखडतो, खालचे स्वर कापतो, आणि प्रत्येक मॉडेलचा वेगळा. एखाद्या खऱ्या मीटरशी ७० ते ८५ च्या पट्ट्यात पडताळून घेतला तर फरक कळतो आणि तो वजा करता येतो. मीटर खुर्चीत, डोक्याच्या जागी, कानाच्या उंचीवर तिवईवर ठेवायचा. हातात धरू नये, अंगावरून परावर्तन होतं. प्रतिसाद 'स्लो'. वेटिंगच्या, म्हणजे कोणत्या स्वराला किती वजन देऊन मोजायचं त्याच्या, बाबतीत गोंधळ नको : ए-वेटिंग ५० हर्ट्झला ३० डेसिबल कमी मोजतं, सी-वेटिंग जेमतेम सव्वा. कानाच्या धोक्याचा हिशेब ए मध्ये, स्पीकर जुळवणी सी मध्ये. एकच गाणं ए ला ७६ आणि सी ला ८८ दाखवू शकतं. मीटर बिघडलेला नाही, सबवूफर जोरात आहे.

मग उणे २० डेसिबल पातळीवरचा (डिजिटल कमाल पातळीच्या २० डेसिबल खालचा) पिंक नॉइज एकाच स्पीकरमधून लावायचा. तो धबधब्यासारखा एकसुरी आवाज असतो, काटा स्थिर राहतो. सी-वेटिंगवर ७५ येईपर्यंत नॉब फिरवायचा, दुसऱ्या स्पीकरसाठी पडताळायचं, एक डेसिबलहून फरक असेल तर बॅलन्सने काढायचा. नॉबच्या या जागेवर खूण. तिथे दोन्ही स्पीकर चालू असताना आजचं एखादं ठासून भरलेलं गाणं ८० च्याही वर जाऊ शकतं, ए मध्ये त्याहून खाली. रोजच्या ऐकण्याला ही खूण कमाल धरावी, अशा गाण्यांना तिच्याही खाली राहावं. जुनी रेकॉर्डिंगं आणि शास्त्रीय संगीत याच खुणेवर बरंच हळू लागेल, कारण त्यांत सरासरी आणि उसळी यांतलं अंतर १५-२० डेसिबलचं असतं, दाबून भरलेल्या गाण्यात सात-आठ. उसळी सारखीच दिसली तरी दाबलेलं गाणं कानाला जास्त खर्चात पाडतं, त्यात श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नसते.

चित्रपटगृहाची संदर्भ-पातळी यापेक्षा १० डेसिबल वर आहे : त्याच पिंक नॉइजला प्रत्येक वाहिनीत ८५, उसळी १०५ पर्यंत, खास बेसची ११५ पर्यंत. घरच्या रिसीव्हरवर जुळवणीनंतर '०' हा आकडा याच पातळीचा. तो मोठ्या दालनासाठी आहे. छोट्या खोलीत भिंती जवळ असतात, तीच पातळी अंगावर येते. उणे १५ ते उणे २० वर सिनेमा उत्तम चालतो, शून्यावर लावून 'दिग्दर्शकाला असाच हवा होता' म्हणणाऱ्यांना तो दिग्दर्शक किती मोठ्या दालनात बसला होता ते विचारावं.

हेडफोनचं मोजमाप घरी होत नाही. मीटर कपाशी धरून मिळणारा आकडा खोटा असतो, बंद पोकळी बनल्याशिवाय खालचे स्वर तयारच होत नाहीत. पण गणित करता येतं. ३२ ओहम, १ मिलिवॅटला १०० डेसिबल असा हेडफोन घ्या. फोन पूर्ण आवाजावर १ व्होल्ट देत असेल तर ३१ मिलिवॅट, म्हणजे १५ डेसिबल वर : ११५. ठासून भरलेल्या गाण्याची सरासरी कमाल पातळीपेक्षा १२ ते १४ डेसिबल खाली धरली तरी कानात १०१ ते १०३. आठवड्याचा शिधा अर्ध्या तासाच्या आत. म्हणून 'साठ टक्के आवाज, साठ मिनिटं' या लोकप्रिय नियमावर फार विसंबू नये. साठ टक्के कशाचे, ते फोनगणिक आणि हेडफोनगणिक बदलतं. बऱ्याच फोनमध्ये आता डेसिबलची नोंद आणि कमाल मर्यादा असते, ती ८० ला लावून ठेवावी. प्रवासात मात्र मर्यादा पुरत नाही. आजूबाजूचा गोंगाट ७५ असताना उघडे ईअरबड ९० वर गेल्याशिवाय शब्द कळत नाहीत. तिथे कानात घट्ट बसणारी सिलिकॉनची किंवा फोमची टोकं गोंगाट बाहेर ठेवतात आणि नॉब आपोआप उतरतो. टोकाचं माप चुकलं तर आधी बेस जातो, आणि बेस गेला की हात कुठे जातो ते वर आलंच आहे.

अपघात वेगळे. त्यांना वेळेचा हिशेब लागत नाही. अँप चालू असताना आरसीए पिन (अँपला सिग्नल नेणाऱ्या वायरीचं टोक) उपसली की मधला पिन हवेत लोंबतो आणि पूर्ण ताकदीचा गुरगुराट येतो. आदल्या रात्री हळू रेकॉर्डिंगसाठी नॉब वर नेऊन ठेवलेला आणि सकाळी वेगळ्याच स्रोतातून सूचनेची घंटी. संगणकाने स्वतःचा आवाज १०० वर नेऊन ठेवलेला. यावर उपाय कंटाळवाणे आहेत, म्हणूनच खात्रीचे : चालू करताना स्रोत आधी आणि अँप शेवटी, बंद करताना अँप आधी. वायर काढायची तर अँप बंद. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये 'चालू होतानाचा आवाज' आणि 'कमाल आवाज' ही दोन्ही खणं भरून ठेवायची. हेडफोन डोक्यावर चढवायच्या आधी गाणं चालू करून लांबूनच कानोसा घ्यायचा.

दडा दोन दिवसांतही सुटला नाही, शिट्टी थांबली नाही, तर श्रवण-तपासणी करून घ्यावी. त्याआधी १४-१६ तास शांततेत घालवावेत, नाहीतर आलेखात तात्पुरती घटच उतरते. ३००० आणि ६००० हर्ट्झ या मधल्या जागाही तपासायला आवर्जून सांगावं. काही ठिकाणी २००० वरून थेट ४००० ला आणि तिथून ८००० ला उडी मारतात, मग खाच मधेच राहून जाते. एका कानाने मात्र अचानक ऐकू येणं कमी झालं तर एक दिवसही वाट पाहू नये, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. त्यातले काही प्रकार स्टेरॉइडने सुधारतात आणि त्यात पहिल्या दिवसांना फार किंमत असते.

खूण करून झाल्यावर एका संध्याकाळी एक करून पाहावं. मनसोक्त ऐकायचं, खुणेकडे पाहायचंच नाही. उठताना नॉब मागे न आणता तसाच ठेवायचा आणि तिथे पेन्सिलीने बारीक रेघ मारायची. दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर विसावलेल्या कानांनी, नॉब शून्यापासून सावकाश वर नेत तेच गाणं लावायचं आणि जिथे 'पुरे' वाटेल तिथे थांबायचं. हात बहुधा रात्रीच्या रेघेच्या बराच अलीकडे थांबतो. पिंक नॉइज लावून दोन्ही जागांवर मीटरचं वाचन घ्यायचं. वजाबाकी करून जो आकडा येईल तो अँपच्या पाठीवर चिकटपट्टीवर लिहून ठेवावा, पुढच्या वेळी हात आपोआप तेवढाच सरकणार असतो.